सिस्टर, तुम्ही नुसत्या बसून असता का?

गेल्या अंकात मी बोलता बोलता एक ओळ टाकली होती, की माझी ३१ वर्षं नर्स म्हणून मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. झालं, पत्रांचा ढीग. व्हॉट्सअॅप, ईमेल आणि दोन तर चक्क इनलँडवर. त्यामुळे या वेळी गुडघेदुखी आणि शुगर बाजूला ठेवते (ज्यांची पत्रं राहिलीत त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेते) आणि फक्त याच विषयावरची पत्रं घेते. नावं कुणाचीच छापत नाही, नुसती गावं देते.

प्रश्न : ताई, मी यंदा बारावी सायन्स झाले, ५८ टक्के पडले. मला मेंटल हेल्थ नर्स व्हायचंय. माझी मावशी चार वर्षं आजारी होती, तिचं सगळं मी जवळून बघितलंय. पण कोर्स कुठला करायचा ते कुणी धड सांगत नाही. आई म्हणते वेड्यांच्या दवाखान्यातल्या मुलीला स्थळ कोण आणणार. — बार्शी

आधी कोर्स, मग आई.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे बारावीनंतर डायरेक्ट मेंटल हेल्थ नर्स करणारा कोर्स नाहीये. कुणी सहा महिन्यांत सायकियाट्रिक नर्स करून देतो असं सांगत असेल, बस स्टँडच्या भिंतीवर असे खूप बोर्ड असतात, तर तिथे एक रुपया भरू नकोस. आधी साधी नर्स व्हायचं, मग ही. साधी नर्स व्हायला दोन रस्ते. बीएस्सी नर्सिंग, ४ वर्षं, त्याला फिजिक्स केमिस्ट्री बायो आणि इंग्लिश लागतं, ओपनला ४५ टक्के, सीईटी द्यावी लागते, आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची मिळते. दुसरा जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा ३ वर्षांचा डिप्लोमा, त्याला बारावी कुठल्याही साइडची चालते, इंग्लिशसकट ४० टक्के. तुला दोन्ही उघडे आहेत, घरची परवानगी आणि पैसे असतील तर बीएस्सीच कर, पुढे शिकायला सोपं जातं. एएनएमच्या, म्हणजे आरोग्यसेविकेच्या कोर्सच्या नादी लागू नकोस, तो कोर्स चांगलाच आहे पण वेगळ्या कामाचा आहे, तिथून थेट इकडे येता येत नाही. पास झालीस की मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन. ते झालं नाही तर डिग्री नुसती फ्रेम करून लावायची.

त्यानंतर खरी तुझी लाइन सुरू होते. एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो सायकियाट्रिक नर्सिंगचा, त्याला रजिस्टर्ड नर्स असणं आणि एखाद वर्षाचा अनुभव लागतो. किंवा एमएस्सी नर्सिंगमध्ये मेंटल हेल्थ हा विषय घ्यायचा, २ वर्षं, बीएस्सीला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव हवा. डिप्लोमासाठी बेंगळुरूचं निमहान्स आणि रांचीचं सीआयपी ही मानसोपचाराची जुनी मातब्बर सरकारी ठिकाणं. महाराष्ट्रात सोय आहे, पण अॅडमिशन घेण्याआधी त्या कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता त्याच कोर्ससाठी आहे का ते बघ. कॉलेजला असते, त्या कोर्सला नसते, यात पोरी फसतात.

अजून एक, कॉलेज निवडताना त्यांना विचार की मानसोपचाराचं पोस्टिंग कुठे असतं. आपल्या राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. यांतल्या एखाद्या ठिकाणी पाठवत असतील तर उत्तम, कारण काही कॉलेजवाले जवळच्या दहा खाटांच्या क्लिनिकमध्ये नेतात आणि वही भरून आणतात.

आमच्याकडे विद्यार्थिनींची बॅच यायची तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या, पर्स छातीशी धरलेली. एकदा एक आजी, पंधरा-सोळा वर्षं आमच्याकडेच होत्या, घरचे न्यायला आलेच नाहीत, त्या सरळ एका पोरीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तू कुणाची गं? वेणी किती सैल घातलीय." आणि तिथेच बाकावर बसवून तिची वेणी सोडून परत घातली. पोरगी आधी थरथरत होती, मग रडायला लागली, मग हसायला लागली. तीन आठवड्यांनी जाताना तिचा पाय निघेना.

आता आई. आईला सांग की मी ३१ वर्षं तिथेच होते आणि माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, जावई आला, आणि जावयाला सगळं माहीत होतं. आणि "वेड्यांच्या दवाखान्यातली" म्हणणाऱ्या आईची सख्खी बहीण चार वर्षं आजारी होती ना? तेव्हा तिच्याशी नीट बोलणारी एखादी सिस्टर भेटली असती तर आईला किती बरं वाटलं असतं, एवढंच विचार. भांडून नको, चहा पिताना विचार.

प्रश्न : मी जीएनएम आहे, ३ वर्षं एका खाजगी मानसोपचार हॉस्पिटलमध्ये काम करते. मॅनेजर माझी ओळख सायकियाट्रिक नर्स म्हणून करून देतात. पण माझ्याकडे तो डिप्लोमा नाही. मी कायद्याने आहे की नाही? — नागपूर

गंमत अशी की कायद्याने आहात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, अमलात आला २९ मे २०१८ ला. त्यात मेंटल हेल्थ नर्सची व्याख्या दिलीय, जनरल नर्सिंगचा किंवा सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री, मान्यताप्राप्त, आणि राज्याच्या कौन्सिलकडे नोंद. "किंवा" हा शब्द बघा. म्हणजे जीएनएम झालेली कुठलीही रजिस्टर्ड नर्स त्या व्याख्येत बसते, जिने विद्यार्थी असताना मनोरुग्णांच्या वॉर्डात काही आठवडे काढले तीही आणि जिने दोन वर्षं त्याच विषयात एमएस्सी केलं तीही. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगते. पण डिप्लोमाच्या सीटाच मुळात थोड्या, कडक व्याख्या केली असती तर अर्ध्या हॉस्पिटलांना नर्सच मिळाली नसती, हेही कळतं.

पण तुम्ही इथेच थांबू नका. त्याच कायद्यात राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आहे, त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि मेंटल हेल्थ नर्स यांची नोंद करून यादी ठेवायची असते. त्या यादीत नाव आलं की तुम्ही नुसत्या नर्स राहत नाही, कायद्याच्या भाषेत मेंटल हेल्थ प्रोफेशनल होता. फरक काय पडतो? पेशंट स्वतः तयार नाही आणि त्याच्या नेमलेल्या प्रतिनिधीच्या, बहुतेक घरच्यांपैकीच कुणाच्या तरी, अर्जावर त्याला भरती करायचंय, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी, तर दोघांनी त्याला वेगवेगळं तपासून लिहून द्यावं लागतं. एक सायकियाट्रिस्ट आणि दुसरा डॉक्टर किंवा मेंटल हेल्थ प्रोफेशनल. तो दुसरा माणूस तुम्ही असू शकता. एका माणसाचं स्वातंत्र्य महिनाभर काढून घेणाऱ्या कागदावर तुमची सही. आता सांगा, ती सही करायला तीन वर्षांचा नुसता अनुभव पुरेल का? मॅनेजर म्हणतोय म्हणून?

डिप्लोमा करून टाका. वय, नवरा, मुलं सगळं धरून एका वर्षाचा प्रश्न आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात नर्सची जागा असते, बहुतेक कंत्राटी असते, पगाराचं रडगाणं तिथेही आहे, पण तिथे हा डिप्लोमा बघतात. आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं, ते केलंय ना? कितीतरी जणी विसरतात.

प्रश्न : माझी बायको बाळंतपणानंतर आजारी पडली, १८ दिवस अॅडमिट होती. आता बरी आहे. डॉक्टर देवमाणूस. पण मला एक कळलं नाही, सिस्टर दिवसभर टेबलापाशी बसून लिहितात नाहीतर पेशंटशी गप्पा मारतात. ना सलाईन ना ड्रेसिंग. बिलात नर्सिंग चार्ज मात्र रोजचा. राग मानू नका, पण तुम्ही लोक नुसते बसून असता का? — कोल्हापूर

राग नाही हो दादा, माझ्या सासूबाईपण हेच विचारायच्या. हो, बसतो. बसणं हे काम आहे. आता नीट सांगते.

डॉक्टर राउंडला येतात, एका पेशंटपाशी दहा मिनिटं, फार तर पंधरा. उरलेले पावणेचोवीस तास कोण? वॉर्डात नर्स काय करते तर बघते. पेशंट किती वाजता झोपला असं नाही, झोपला की डोळे मिटून पडला होता. जेवला की ताटात कालवून ठेवलं. बाळाचं नाव काढलं की तोंड फिरवते का. एकटाच पुटपुटतोय तर प्रार्थना म्हणतोय की कुणाला उत्तर देतोय, यात फरक असतो, उत्तर देणारा मध्ये मध्ये थांबतो, ऐकतो. हे सगळं त्या रजिस्टरमध्ये जातं, ज्यात आम्ही लिहीत बसतो असं तुम्हाला वाटतं, आणि सकाळी डॉक्टर गोळी वाढवायची की कमी करायची ते बरंचसं त्या रजिस्टरवरून ठरवतात.

गप्पांचं म्हणाल तर त्या गप्पा नसतात. म्हणजे दिसतात गप्पाच. मी पेशंटला विचारते काल भाजी कशी होती, त्यात मला कळतं त्याला काल आठवतोय का, त्याला जेवणात विष आहे असं अजून वाटतंय का, तो माझ्याकडे बघून बोलतोय का भिंतीकडे. तो म्हणाला माझ्या बायकोनं करणी केलीय, तर मी "नाही हो, असं काही नसतं" म्हणत नाही आणि "हो का, अरे बापरे" पण म्हणत नाही. मी म्हणते, "मला तसं काही दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय." बस. एवढं एक वाक्य सहज यायला मला पहिली तीन-चार वर्षं लागली.

एक रात्र सांगते. एक मुलगा, विशीतला, दुपारी भरती झाला होता, खूप आरडाओरडा म्हणून हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलेलं. रात्री दोनच्या सुमाराला त्याची मान एका बाजूला पिळल्यासारखी वळली, डोळे वर, जबडा घट्ट, बोलता येईना. सोबत वडील. ते पायाशी बसून अंगारा लावायला लागले, म्हणाले, "आलं बघा सिस्टर, अंगात आलं, मी म्हणत होतो ना बाहेरचं आहे." मी मानेला हात लावला, स्नायू दगडासारखे. हा त्या इंजेक्शनचा साइड इफेक्ट, तरुण पोरांमध्ये जास्त दिसतो, पहिल्या एक-दोन दिवसांत. डॉक्टरांना फोन, ऑर्डर घेतली, त्यावरचा उतारा म्हणून फेनरगन दिलं, आणि मी वडिलांना म्हटलं आता घड्याळ बघा. अर्ध्या तासाच्या आत मान सरळ. पोरगा म्हणाला, "पाणी." वडिलांनी पाणी दिलं आणि मग अंगाऱ्याची पुडी खिशात ठेवली, टाकली नाही, ठेवली, मीही काही बोलले नाही. आता ही गोष्ट ओळखता न येणारी बाई त्या टेबलापाशी असती तर? तिला वाटलं असतं पेशंट परत बिघडला, आणि तेच इंजेक्शन अजून एक.

तसंच लिथियमचं, मूड टोकाचा वरखाली होणाऱ्या आजारातली गोळी. त्या गोळीची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या मध्ये ठेवतात, जरा वर गेली की विषारी. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायचं, हे पाळलं नाही तर रिपोर्टला अर्थ नाही. आणि आमच्याकडे एक बाई लिथियमवर असताना घरी गेल्या आणि ऐन जूनमध्ये निर्जळी एकादशी केली. उलट्या, हगवण, हात थरथर, चालताना दारू प्यायल्यासारखा झोक. घरच्यांना वाटलं उपासाचं पित्त. तेव्हापासून मी डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक लिथियमवाल्याला विचारायची, उपास कुठले करता? पाणी न पिता करता का? मीठ सोडता का? औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं, आपल्या माणसांचे उपासतापास माहीत असलेल्या नर्सनं विचारायचं असतं.

शॉक ट्रीटमेंटच्या सकाळी नर्सचं काम पहाटेपासून सुरू. पेशंटनं सहा तास काही खाल्लेलं नको, कारण भूल द्यायची असते, बिनभुलीचा शॉक आता कायद्यानंच बंद आहे. तर मी उशी उचलून बघायची. का? कारण एकदा उशीखाली अर्धा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा सापडला होता आणि बाई शपथेवर सांगत होत्या काही खाल्लं नाही. कवळी काढायची, बांगड्या काढायच्या, सही झालेला कागद बघायचा, आणि जागं झाल्यावर शेजारी उभं राहून सांगायचं, तुम्ही कुठे आहात, आज वार कुठला, तुमच्या मिस्टरांनी चहा आणलाय.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे जीव. खूप उदास पेशंट औषधानं सुधारायला लागला की घरचे निर्धास्त होतात, आम्ही मात्र तेव्हाच जास्त जागे असतो, कारण अंगात ताकद आधी येते आणि मनातला अंधार मागाहून जातो. मधले दिवस वाईट. अशा वेळी आम्ही फेरी ठरलेल्या वेळेला मारत नाही, कधी दहा मिनिटांनी, कधी चारच मिनिटांनी, म्हणजे पेशंटला अंदाज बांधता येऊ नये. तुम्हाला ती सिस्टर उगीच चकरा मारतेय वाटली असेल. तुमच्या मिसेसच्या बाबतीत तर, बाळंतपणानंतरच्या आजारात, आई आणि बाळ दोघांकडे लक्ष ठेवायचं असतं, बाळ जवळ दिलं तर कुणीतरी शेजारी बसलेलंच असतं. ते बसणं बिलात नर्सिंग चार्ज म्हणून येतं. चार्ज किती असावा त्यावर तुमचं माझं एकमत होईल, ते वेगळं.

प्रश्न : आमच्या बाबांना बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, आता वय ७१. आम्ही दोघं नोकरीवर, म्हणून ब्युरोतून "सायकियाट्रिक नर्स" घेतली, दिवसाला १२०० रुपये. परवा लवकर घरी आले तर बाबांचे हात ओढणीनं पलंगाला बांधलेले. ती म्हणाली, आम्हाला असंच शिकवलंय, मारतात ना. बाबा कधीच मारत नाहीत. काय करू? — डोंबिवली

तिला आजच थांबवा, उद्या नाही.

मग ब्युरोला फोन करून तिचा कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. बहुतेक मिळणार नाही. ब्युरोतून येणाऱ्या बऱ्याच मुली या पेशंट सांभाळणाऱ्या अटेंडंट असतात, कुणी तीन महिन्यांचा कोर्स केलेल्या, कुणी तोही नाही, पांढरा कोट ब्युरोवालाच देतो. त्या मुलींना मी नावं ठेवत नाही, बारा तास उभं राहून १२०० मधले हातात किती पडतात त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण त्यांना नर्स म्हणून पाठवणारा लबाड. अटेंडंट आंघोळ घालेल, भरवेल, फिरवून आणेल, समोर गोळी देईल. इंजेक्शन तिनं द्यायचं नाही. बाबांना महिन्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा घ्यायचं लांब मुदतीचं इंजेक्शन असेल तर ते ओपीडीत नेऊन घ्या नाहीतर खरी नर्स बोलवा.

बांधण्याबद्दल. हॉस्पिटलमध्येसुद्धा पेशंटला बांधायचं तर कायदा सांगतो की त्याला किंवा दुसऱ्याला आत्ता या क्षणी इजा होणार असेल आणि दुसरा काहीच उपाय नसेल तरच, सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं, कमीत कमी वेळ, कारण लिहून ठेवून, आणि पेशंटनं नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, दोन डझनांहून जास्त माणसं गेली. आमच्या वॉर्डात दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा कुणी चहा घेतला नाही. त्यामुळे एक ओढणी, तेवढंच तर, असं मला कुणी म्हणू नये.

बाबांशी बोला. आधी त्यांचे मनगट बघा, वळ आहेत का, मग समोर न बसता शेजारी बसून सांगा की ती बाई परत येणार नाही. एकदा सांगून पुरणार नाही. पुढचे काही दिवस ते झोपले नाहीत, औषध नको म्हणाले किंवा संशय वाढला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. रात्री अपरात्री काही सुचेना तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

पुढची बाई ठेवाल तेव्हा एक प्रश्न विचारा, बाबा औषध थुंकले तर तू काय करशील? "नाक दाबून देईन" म्हणाली तर दारातूनच परत. "थोड्या वेळानं परत देऊन बघेन, तुम्हाला फोन करेन" म्हणाली तर शिक्षण कितीही असो, ठेवा.

प्रश्न : मुलगे या लाइनमध्ये चालतात का? — नांदेड

चालतात म्हणजे काय, हवेतच. पुरुषांचे वॉर्ड असतात, तिथे ब्रदर लागतात. बीएस्सी आणि जीएनएम दोन्ही मुलांना खुलं आहे. एकच सांगते, काही हॉस्पिटलवाले ब्रदरला पेशंट पकडायला ठेवलेला पैलवान समजतात. माझ्यासोबतचे एक ब्रदर जेमतेम पाच फूट दोन इंच होते आणि अख्ख्या नोकरीत त्यांना कुणावर हात टाकावा लागलेला मी बघितला नाही. ते काय करायचे तर चिडलेल्या माणसापासून दोन हात लांब, जरा तिरकं उभं राहायचे, आवाज खाली आणायचे आणि विचारायचे, "तंबाखू नाही माझ्याकडे, चहा चालेल?"

प्रश्न : सिस्टर, डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोन महिन्यांनी मिळतेय. तुमच्यासारख्या अनुभवी नर्सनी झोपेची गोळी थोडी कमीजास्त करून दिली तर चालत नाही का? आणि कौन्सेलिंग नर्स करते का सायकॉलॉजिस्ट? — पणजी

नाही चालत. माझा अनुभव तीस वर्षांचा असला तरी गोळी लिहायचा अधिकार माझा नाही, निदान करायचा पण नाही. गोळी लिहिणार सायकियाट्रिस्ट, तो आधी एमबीबीएस मग मानसोपचारात एमडी नाहीतर डिप्लोमा झालेला. चाचण्या आणि थेरपी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, त्याची नोंद दिल्लीच्या आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, ती विचारून घ्या, कारण नुसतं एमए करून बोर्ड लावणारेही आहेत. घर, नोकरी, नातेवाईक हे सोशल वर्कर बघतो. आणि नर्स या सगळ्यांच्या मध्ये. बोलून धीर देणं, औषधाबद्दल समजावणं, घरच्यांना काय करू नका ते सांगणं हे कौन्सेलिंग आम्ही करतो आणि करायलाच हवं, ठरवून केलेली थेरपी तिचं वेगळं ट्रेनिंग घेतलं असेल तरच. तुम्ही गोव्यातले आहात तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे की, तिथे ओपीडी आहे, दोन महिने कशाला थांबता. आणि तोवर शेजाऱ्याची गोळी घेऊ नका, मला माहितेय तुम्ही तेच करणार होता.

प्रश्न : भाची बीएस्सी नर्सिंग करून इंग्लंडला जायचं म्हणते, तिथे मेंटल हेल्थ नर्सला मागणी आहे म्हणे. — पुणे

तिथली पद्धत उलटी आहे. तिकडे मुलगी पहिल्या दिवसापासूनच मेंटल हेल्थ नर्सिंगची डिग्री करते, ती वेगळी शाखा असते, मोठ्यांची नर्स वेगळी, लहान मुलांची वेगळी. आपली बीएस्सी ही सगळ्याची मिळून असल्यामुळे आपल्या मुली तिकडे बहुतेक मोठ्यांच्या वॉर्डाच्या नर्स म्हणून नोंदल्या जातात. मेंटल हेल्थमध्ये जायचं तर या विषयातलं शिक्षण आणि अनुभव दाखवता आला पाहिजे. म्हणून भाचीला सांगा, इंग्लिशची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक हे सगळं आहेच, पण आधी इथे दोन वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढ. आणि मानसिक आजारात बोलणं हेच औषधाइतकं महत्त्वाचं, तिथल्या आजीबाईची खेडवळ इंग्लिश कळायला आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेतले ७ बँड पुरत नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी सहा महिन्यांपूर्वी मनोरुग्णालयात लागले. गेल्या आठवड्यात एका पेशंट बाईनं माझ्या कानफटात मारली, कानातलं ओढलं, कानाची पाळी फाटली, तीन टाके. सगळे म्हणतात हे चालायचंच. आता मला वॉर्डाचं दार उघडताना हात कापतो. मी या कामाला नालायक आहे का? — गाव छापू नका

नाही गं. आणि "चालायचंच" म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, मलाही ते म्हटलं होतं, मी ज्या ठिकाणी होते तिथल्या वरिष्ठांनी, ८९ साली, माझ्या खांद्यावर लोखंडी बादली बसली तेव्हा. इन्सिडेंट रिपोर्ट लिही. लिहिला नसशील तर आज लिही, उशीर झाला तरी तारीख घालून लिही. ती तक्रार पेशंटविरुद्ध नसते, त्या वेळी वॉर्डात ड्युटीवर कितीजणी होत्या, मदतीला यायला किती मिनिटं लागली, हे कागदावर यावं म्हणून असते. नेहमी तिथेच गोम असते, साठ पेशंटना दोघी.

आणि रिपोर्ट लिहिताना मारण्याच्या आधीची दहा मिनिटं आठव. ती बाई येरझारा घालत होती का, आवाज चढला होता का, मुठी, श्वास. तिला तू काही नाही म्हणालीस का, बिडी नाही, फोन नाही, घरी जायचं नाही. दोष तुझा शोधत नाहीये मी. ती दहा मिनिटं वाचायला येणं हेच तर आपण शिकतो, आणि ते बहुतेक असंच, मार खाऊन येतं, मला तसंच आलं.

भीती वाटते हे इनचार्ज सिस्टरना सांग आणि पहिले काही दिवस दोघींनी मिळून आत जायची ड्युटी मागून घे. झोप लागत नसेल, सारखं तेच डोळ्यापुढे येत असेल तर आपल्याच ओपीडीत दाखव, लाजू नकोस, आपणच पेशंटना सांगतो ना. त्या बाईला टाळू नकोस मात्र. ती सावरली की तिला कदाचित आठवणारही नाही, किंवा आठवेल आणि तीच तुझ्याकडे बघायची नाही. लांबूनच नाव घेऊन हाक मार.

टाके निघाले की डूल घालू नकोस, ड्युटीवर तरी, छोटे टॉप्स पण नको. मंगळसूत्र असेल तर आत. केसांचा अंबाडा. ओळखपत्राची गळ्यातली दोरी काढून खिशाला क्लिप लाव. आणि वॉर्डात बसताना खुर्ची अशी ठेव की दार तुझ्या बाजूला येईल, पेशंटच्या मागे नाही.